फुकट शिकवणाऱ्याला जाब विचारावा का?

वाचकांची पत्रं, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात शाळेबाहेर चालणाऱ्या संध्याकाळच्या खेळवर्गांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं बडोद्याचीच आहेत, आणि जवळजवळ सगळ्यांत एकच अडचण आहे: जो माणूस पैसे न घेता शिकवतो त्याच्याशी वागायचं कसं. काही पत्रं थोडी कापून देते आहे. पत्रांत मुलांचे उल्लेख आहेत, म्हणून नावं गाळली आहेत.

कारेलीबागेतून एक आई लिहितात: माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. दोन वर्षं न चुकता खो-खोला जाते. शिकवणारे दादा नोकरी सांभाळून येतात, एक रुपया घेत नाहीत. पण आजवर एकाही सामन्यात तिला उतरवलेलं नाही. दादांची भाची मात्र दर वेळी संघात असते. माझे यजमान म्हणतात, फुकट वेळ देणाऱ्या माणसाला काय विचारायचं? आपल्याला उपकाराची जाण नाही असं होईल. मी गप्प बसू का?

गप्प बसू नका, विचारा.

तुमच्या यजमानांच्या मनात दादांबद्दल आदर आहे, तो असायलाच हवा. पण आदर वाटतो म्हणून प्रश्न गिळायचा, हे मला मान्य नाही. मी बँकेत होते तेव्हापासून बडोद्याच्या वाडी भागातल्या एका शाळेच्या मैदानावर संध्याकाळी खो-खो शिकवते. मराठी मुलं ताई म्हणतात, गुजराती मुलं बेन म्हणतात. पगार कधी घेतला नाही आणि घ्यावासा वाटलाही नाही. त्यामुळे हे मी दादांच्या बाजूने उभी राहून सांगते आहे: पैसे घेत नाही म्हणजे आपण कुणाला बांधील नाही, असं ज्याला वाटतं त्याने मैदानावर येऊ नये. तुमच्या मुलीची दोन वर्षं खर्च झाली आहेत. शिकवणाऱ्याला त्याचे पैसे मिळाले की नाही, याने त्या दोन वर्षांत काहीच फरक पडत नाही.

आता खेळाकडे बघा, म्हणजे दादांकडून असं का होत असेल तेही कळेल. खो-खोत नऊ जणी मैदानात उतरतात. बसतीला, म्हणजे पाठलाग करायच्या पाळीत, आठ चौकोनांत, एक पाठलागावर. पळतीला, म्हणजे बचावाच्या पाळीत, मात्र तिघी-तिघींची तुकडी जाते. पहिली तुकडी जितका वेळ टिकेल तितका सामना आपला. म्हणून शिकवणाऱ्याचं लक्ष आपसूक त्या तिघींवर जातं. त्यांनाच हुलकावणी शिकवायची, त्यांचीच साखळी, म्हणजे बसलेल्यांमधून नागमोडी पळणं, घोटून घ्यायची, आणि बाकीच्यांनी समोर बसून खो घ्यायचा. खेळाच्या रचनेतच हा मोह आहे. चांगल्या माणसांनाही तो होतो. पण महिनोन्‌महिने नुसती बसती करणारी मुलगी पळायला कधी शिकणार? आणि पळता येत नाही म्हणून तिला संघात कधी घेणार? हे चक्र शिकवणाऱ्यानेच तोडायचं असतं. आमच्याकडे सरावाच्या सामन्यात कोण आधी पळणार हे हजेरीच्या क्रमाने ठरतं, तो क्रम रोज पुढे सरकतो. बारा वर्षांखालच्या मुलांचे मैत्रीचे सामने असतील तर प्रत्येक मूल उतरतं, हरलो तरी चालेल. जिल्ह्याच्या स्पर्धेत मात्र उत्तम नऊ जणीच उतरतात, आणि ते मुलींना पहिल्या दिवशीच सांगितलेलं असतं. निवड कशावर होणार हे आधी कळलं, की न निवडलेली मुलगीसुद्धा ते सोसते. न सांगता वगळलेलं मात्र तिला वर्षानुवर्षं टोचत राहतं.

दादांना भेटायला सरावाच्या दिवशी जा. सामन्याच्या दिवशी नको, मुलांच्या देखत नको. "तिला का घेत नाही?" असं विचारलंत तर ते बचावाला उभे राहतील. "तिने कशावर मेहनत घ्यावी?" असं विचारा. ज्याने तिला खरंच पाहिलं आहे तो माणूस लगेच बोलू लागेल. खो देताना हात आणि शब्द एकदम पडत नाहीत, एकदा दिशा घेतल्यावर मागे वळते, खांबाला वळसा घालताना वेग मोडतो, असं काहीतरी नेमकं सांगेल. ते सांगितलं तर घरी येऊन मुलीला धीर द्या आणि आणखी सहा महिने थांबा. "बघू, येईल हळूहळू" एवढंच उत्तर आलं, तर दोन वर्षांत त्यांची नजर तिच्यावर पडलेलीच नाही हे समजा आणि दुसरं मैदान शोधा. त्यात कृतघ्नपणा नाही.

भाचीचं म्हणाल, तर ती खरोखर चांगली खेळत असेल. पण घरचं मूल मैदानात असलं की निवडीच्या दिवशी शिकवणाऱ्याने बाजूला व्हावं आणि दुसऱ्या मैदानावरच्या एखाद्या जाणकाराला बोलवावं. यात त्या भाचीचंही भलं आहे. नाहीतर तिने दहा गडी बाद केले तरी लोक मामाचंच नाव घेतील.

आणि एक गोष्ट या सगळ्याच्या आधी करा. मुलीला विचारा, तुला सामन्यात उतरायचं आहे का? काही मुली मैत्रिणींसाठी येतात, धावून घामाघूम होण्यासाठी येतात आणि त्यातच खूष असतात. तेही पुरेसं कारण आहे.

मांजलपूरहून एक तरुण लिहितो: मी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नोकरी करतो. विद्यापीठाकडून खेळलो आहे. वर्षभरापासून घराजवळच्या मोकळ्या जागेत मुलांना खो-खो शिकवतो, फी नाही. मुलं वाटेल तेव्हा येतात. ट्यूशन असली तर पालक कळवतही नाहीत. मित्र म्हणतात, महिना पाचशे रुपये लाव, मग बघ कसे वेळेवर येतात. ताई, फी घेऊ का?

तू फी घेतलीस तर तुला कुणी वाईट म्हणणार नाही. शिकवण्यावर ज्यांचं घर चालतं असे कितीतरी प्रामाणिक प्रशिक्षक या शहरात आहेत. पण फी लावण्याआधी तुझ्या मैदानावरच्या मुलांकडे एकदा नीट बघ. पाचशे रुपये लावल्यावर पहिल्या महिन्यात कोण येणं बंद करेल? वॉचमनची मुलं, बांधकामावर काम करणाऱ्यांची मुलं. आणि बहुतेक तीच मुलं आज सगळ्यांच्या आधी येऊन तुझी वाट बघत असतील. वेळ न पाळणाऱ्यांना वळण लावायला जाशील आणि वेळ पाळणारेच गमावशील.

पांड्या भावांची गोष्ट बडोद्यात प्रत्येक बाप सांगतो. किरण मोरे यांच्या क्रिकेट अकादमीत त्यांना सुरुवातीची वर्षं फी माफ होती, ही त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. ती माफी दिली तेव्हा हार्दिक भारताकडून खेळणार हे कुणालाच माहीत नव्हतं. समोर फक्त सुरतेहून आलेल्या, हातात पैसा नसलेल्या कुटुंबातला एक लहान मुलगा होता. आपल्या शहराची ही रीत जुनी आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकरावांकडे १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण शरीरशिक्षण घेत होता. पुढे तेच स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन केली. आपल्या हाताखालचं मूल पुढे कुठे जाईल हे शिकवणाऱ्याला त्या वेळी कळत नसतं. म्हणून दार सगळ्यांना सारखंच उघडं ठेवावं लागतं.

वेळेचं बोलू. सहा म्हणजे सहा. मैदानात दोनच मुलं असली तरी त्या दोघांना घेऊन सुरू कर. उशिरा येणाऱ्याला ओरडू नकोस, त्याला चालू सराव थांबवून आत घेऊ नकोस, एवढंच कर. पुढच्या पळतीपर्यंत तो बाहेर बसेल. हजेरी वहीत लिही आणि महिन्यातून एकदा पालकांना मैदानावर बोलावून ती वही दाखव. "फुकटच तर आहे" म्हणणाऱ्या आईबापांना आपल्या मुलाच्या नावापुढची रिकामी घरं दिसली की बराच फरक पडतो.

खर्च मात्र तुझ्या खिशातून करू नकोस. चुना, खांब, मलमपट्टीचा डबा, स्पर्धेची प्रवेश फी, रिक्षाभाडं या सगळ्याला पैसे लागतात. ज्यांना जमेल त्यांनी वाटा द्यावा, ज्यांना जमत नाही त्यांची नावं कुणालाही कळू नयेत, आणि पै-पैचा हिशोब कुणीही उघडून पाहावा अशा वहीत असावा. जमा-खर्च एकाच्या हातात ठेवू नकोस. एखाद्या पालकाकडे दे. बँकेत आयुष्य गेलं म्हणून हे सांगते: माणूस कितीही सरळ असला तरी बंद वहीबद्दल लोक बोलतातच, आणि त्या बोलण्याने चांगले वर्ग बंद पडतात.

पालकांना कामं सांग. आपल्याकडे उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांनंतर, मैदानात मांजाचे तुकडे पडलेले असतात. काच लावलेला दोरा गवतात दिसत नाही, आणि आपली मुलं अनवाणी धावतात, खांबावर सूर मारतात. १६ जानेवारीला सराव घेऊ नकोस. त्या संध्याकाळी आईबापांना बोलाव, सगळ्यांनी रांगेने मैदान विंचरून काढा. कापलेल्या पावलांची मलमपट्टी करण्यापेक्षा हे बरं. शिवाय ज्याने एकदा मैदान साफ केलं तो बाप पुढच्या आठवड्यात मुलाला वेळेवर पाठवतो, हा माझा अनुभव आहे. नवरात्रात नऊ दिवस सुट्टी आधीच जाहीर कर, गरब्याशी कुणी स्पर्धा करू नये. मे महिन्यात संध्याकाळची जमीनसुद्धा भाजते, तेव्हा सकाळी सहाला ये आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी सगळ्यांना पाणी पाज, तहान लागली असो वा नसो.

आणि तुझ्याबद्दल. ज्या दिवशी तुला कंपनीत थांबावं लागेल त्या दिवशी मुलांना आधी कळलं पाहिजे. मुलं खांब रोवून उभी आहेत आणि दादा आलेच नाहीत, असं दोन-तीनदा झालं तर तुझा शब्द मैदानावर चालणार नाही. त्यासाठी दुसरा माणूस आत्ताच तयार कर. एकट्याच्या जिवावर चाललेला वर्ग त्याच्या बदलीबरोबर किंवा लग्नाबरोबर संपतो. तसं होताना मी पाहिलं आहे, आणि त्यातली मुलं पुन्हा कुठल्याच मैदानावर दिसली नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

गोत्रीहून एक वडील लिहितात: माझ्या बारा वर्षांच्या मुलाचे प्रशिक्षक फार जीव लावतात. पैसे घेत नाहीत, उलट त्याला बूट घेऊन दिले. रात्री फोनवर त्याच्याशी वेगळं बोलतात, सराव संपल्यावर एकट्याला स्कूटरवर फिरायला नेतात. पत्नी अस्वस्थ आहे. मला वाटतं, इतक्या चांगल्या माणसावर संशय घेणं पाप आहे.

पत्नीचं ऐका, आणि आजच ऐका.

मी त्या माणसाला ओळखत नाही आणि त्याच्यावर आरोप करत नाही. पण तुम्ही लिहिलेल्या चारही गोष्टी, म्हणजे एकाच मुलाला भेटवस्तू, रात्रीचे वेगळे फोन, एकांत, आणि "पैसे घेत नाही" म्हणून न विचारणारे आईबाप, या कुठल्याही मैदानावर एकत्र येता कामा नयेत. माणूस साधू असला तरी नाही. चांगल्या शिकवणाऱ्याला या मर्यादांचा राग येत नाही, कारण त्या त्यालाही जपतात. आमच्याकडे नियम असे आहेत: मैदानावर कायम दोन मोठी माणसं. निरोप फक्त पालक असलेल्या गटात. कुणालाही एकट्याला गाडीवर न्यायचं नाही. मुलाचा हात-पाय धरून काही दाखवायचं असेल तर आधी त्याला सांगून, सगळ्यांसमोर. बाहेरगावी मुली असतील तर बाईमाणूस सोबत. हे नियम मला स्वतःलाही लागू आहेत.

मुलाशी शांतपणे बोला. पोलिसी चौकशी नको. "सर कुठे नेतात? काय बोलतात? कधी काही नकोसं वाटलं का? काही गुपित ठेवायला सांगितलं का?" तो जे सांगेल ते ऐकताना रागावू नका, नाहीतर तो मिटून जाईल. त्याला सांगा की तुझी काही चूक नाही. दरम्यान एकट्याने जाणं आणि रात्रीचे फोन बंद, हे तुम्ही स्वतः प्रशिक्षकांना स्पष्ट सांगा. मुलावर ते ओझं टाकू नका.

त्याच्या बोलण्यात काही गैर आढळलं तर समजावणी, बैठक, मंडळाची अब्रू यात एक दिवसही घालवू नका. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली अठरा वर्षांखालचा प्रत्येक मुलगा आणि प्रत्येक मुलगी येते. असा गुन्हा घडला आहे किंवा घडेल अशी शंका ज्याला आहे त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि घडल्याचं माहीत असून न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. प्रामाणिक हेतूने माहिती देणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, ती कुठूनही लागते. पत्नीला एकटं पाडू नका, दोघं मिळून हे करा.

दांडिया बाजारातून एक आजोबा लिहितात: आमच्या वेळी वस्तादांच्या हातात छडी असे. आता शिकवणारे मुलांना "बाळा, राजा" करतात. मुलं मऊ झाली आहेत. शिस्त कशी येणार?

काका, आपल्या पिढीने मातीत जे कमावलं त्याबद्दल मला आदरच आहे. शिस्त हवी, याबद्दल दुमत नाही. पण छडीने खो-खो येत नाही, हे मी ठामपणे सांगते. घाबरलेलं मूल खो मिळायच्या आधीच उठतं, आणि तो फाऊल असतो. घाबरलेलं मूल चूक झाली की खेळाकडे बघत नाही, आमच्याकडे बघतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मार आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. तीच मुलं संध्याकाळी आमच्याकडे आली की बंदी उठते, असं मी मानत नाही. शब्दांचा मारही तितकाच वाईट. जाड मुलीला मैदानात एकदा कुणी काही बोललं की ती दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय सांगून घरी बसते. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणंही मी थांबवलं आहे. ज्या धावण्यावर मुलांनी आयुष्यभर प्रेम करावं असं आपल्याला वाटतं, तेच त्यांना दंड म्हणून द्यायचं?

आणि मुलं मऊ झालेली नाहीत. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवून पहिला खो-खो विश्वचषक जिंकला. त्या संघात आपल्या गुजरातची, डांगची ओपिना भिलार होती. एकदा संध्याकाळी आमच्या मैदानावर या. तेरा वर्षांच्या पोरी खांबावर कसा सूर मारतात ते बघा, आणि त्यांना आपल्या वेळच्या दोन गोष्टी सांगा. मला फार आनंद होईल.

अलकापुरीतून एक पालक: मुलाच्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, तिथे टेंगूळही आलं आहे. सर म्हणतात, पळून पळून मोकळं होईल.

होणार नाही. दहा ते पंधरा या वयात हाडं भराभर वाढतात. तेव्हा नडगीच्या वरच्या टोकाला, जिथे स्नायूची दोरी जोडलेली असते, तिथे ताण येऊन असं दुखू शकतं. खो-खोत सतत बसणं-उठणं असल्याने ते जास्त जाणवतं. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर उड्या आणि बसती बंद, दुखल्या जागी कापडात गुंडाळलेला बर्फ, मालीश नको. बहुतेक मुलांचं हे वाढीबरोबर बरं होतं. सरांना चिठ्ठी देऊन कळवा की डॉक्टर सांगेपर्यंत मुलगा येईल, पण गुण लिहायला बसेल. मैदान सुटू देऊ नका.

अकोट्याहून दहावीतली एक मुलगी लिहिते: ताई, आमच्या सरांनी मला सहा-सात वर्षांच्या मुलांचा गट सांभाळायला दिला आहे. ती चौकोनात बसतच नाहीत. एक मुलगा सारखा पळून झोपाळ्याकडे जातो. मला रडू येतं.

अगं, सहा वर्षांचं मूल चौकोनात बसत नाही, यात तुझं काही चुकलेलं नाही. त्यांना खो-खो शिकवूच नकोस अजून. शिवणापाणी खेळव, लंगडी खेळव. लंगडीत तोल येतो, शिवणापाण्यात हुलकावणी येते, आणि दोन्हींत खो-खोचं अर्धं अंग आहे. एक खेळ पाच-सात मिनिटांच्या वर चालवू नकोस. त्यांचा कंटाळा यायच्या आधी तूच बदल. सूचना एका वेळी एक, आणि खाली बसून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून दे. सगळ्यांची नावं पहिल्या आठवड्यात पाठ कर. "ए, निळ्या शर्टवाल्या" असं कुणालाही हाक मारू नकोस.

झोपाळ्याकडे पळणाऱ्याला ओढून आणू नकोस. खेळाची सीमा झोपाळ्यापासून लांब, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आख, आणि चुन्याचं डबडं त्याच्या हातात दे. रेघ त्यानेच ओढायची. वाकडी आली तरी पुसू नकोस, त्याच रेघेवर खेळ सुरू कर. मोठी परीक्षा जवळ आली की आठवड्यातले दोनच दिवस ये आणि ते सरांना आत्ताच सांगून ठेव.